धुरपताबाईनं चाखलेली खीर

सडक अर्जुनीच्या बाजूला कुणाच्या घरी सोयरीक जुळली, की लग्नाची तारीख भटजीला विचारायच्या आधी उमराव डोंगरवारला विचारत. उमराव मोकळा असला तर मुहूर्त चांगला, नसला तर मुहूर्त पुढं. लोक हे हसत हसत सांगत, पण त्यात खोटं फारसं नव्हतं. त्याच्या हातचं वरण, वांग्या-आलूची भाजी आणि तांदळाची खीर एकदा ज्या मांडवात झाली, त्या घरच्या दुसऱ्या पोरीच्या लग्नातही तोच लागायचा.

तसा तो पोटापुरती शेती असलेला, कोहळी समाजाचा गडी. गावचा तलाव त्याच्याच पूर्वजांनी बांधलेला, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. तलावाखाली धानाची बांधी होती, ती तो करायचा. पण जीव सगळा चुलीपाशी. आणि चुलीपाशी त्याची एक वेगळीच रीत होती. तो चाखायचा नाही. गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, वाकायचा, डोळे मिटायचा, वाफ नाकात ओढायचा आणि सांगायचा, सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाक, नाहीतर जाळ कमी कर. मीठसुद्धा त्याला वाफेवरून कळतं, असं त्याचा मदतनीस शालीकराम लोकांना सांगे. ते खरं की खोटं देव जाणे, पण मीठ कधी चुकलं नाही हे खरं.

धुरपताबाईला त्याच्या नाकाचा संसारभर धाक होता. ती आत फोडणी देत असायची आणि हा अजून अंगणातच, पायावर पाणी घेत असायचा, तिथूनच म्हणायचा, "आज जिरं जळलं." रागानं नाही, आपलं सांगायचं म्हणून सांगायचा. सुरुवातीला तिला ते लागायचं. मग सवय झाली, आणि पुढं पुढं तर तिला त्याचा आधारच वाटायला लागला. घरात एक माणूस असा आहे ज्याला काही सांगावं लागत नाही, सगळं आपसूक कळतं, असं तिला वाटे. स्वतः मात्र तो कुणालाही कधी विचारायचा नाही की जेवण कसं झालं. त्याला विचारायची गरजच पडली नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही पडली. मुलगी मंजू तेव्हा गोंदियाला शिकायला होती, लॉकडाऊनमुळं घरी आली होती. तिनं दोघांचं सगळं केलं. धुरपताबाईची चव गेली, वास गेला, आणि महिनाभरात परत आला. एका सकाळी शेजारच्या घरी मोहाची फुलं भाजत होते, तो वास तिला आला आणि ती खाटेवर उठून बसली. तिला वाटलं, चला, निभावलं. उमरावही हिंडाफिरायला लागला होता. तो काही बोलला नाही म्हणून ती धरून चालली की त्याचंही सगळं ठीक झालं.

कळलं ते पावसाळ्याच्या तोंडी. घरचा चिन्नोर तांदूळ तिनं चुलीवर ठेवला आणि कोठ्यात गाईकडं गेली. चिन्नोर शिजायला लागला की वास तीन घरं ओलांडून जातो. ती कोठ्यातून परत येते तर भात खालून लागलेला, घरभर करपट धूर, आणि उमराव चुलीपासून दोन हातांवर बसून विळ्याला धार लावतो आहे. निवांत. तिला बघून म्हणाला, "भात झाला का? भूक लागली."

तिनं गंज उतरवला. वरचा वरचा भात काढून त्याला वाढला. करपलेला तांदूळ किती जरी निवडला तरी त्याचा वास जात नाही. उमराव जेवला, आणखी मागून घेतला आणि उठला. धुरपताबाई त्या दिवशी जेवली नाही.

तिनं त्याला विचारायला हवं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण विचारायचं तरी कसं? पहिलवानाला, तुमच्या अंगात ताकद राहिली नाही का, असं त्याच्या बायकोनं विचारावं, तसं ते तिला वाटलं. आणि तो स्वतःहून सांगत नाही, म्हणजे त्याला कुणाला कळू द्यायचं नाही, असा तिनं अर्थ काढला. त्याची लाज राखायची, असं तिनं मनाशी ठरवलं. सगळं चुकलं ते तिथून, असं ती आता म्हणते.

लग्नं पुन्हा सुरू झाली. उमराव जायला लागला. इतक्या वर्षांच्या हाताला अंदाज असतो, मापं असतात. त्यावर निभत होतं. धुरपताबाई आता काहीतरी निमित्त काढून त्याच्यासोबत जाऊ लागली. कांदे चिरायला बाया कमी आहेत म्हणायची आणि हळूच चाखून शालीकरामला बाजूला सांगायची, तिखट वाढव, हळद कच्ची आहे. शालीकरामला काय समजायचं ते समजलं होतं. तोही बोलला नाही. उमराव अजूनही गंजावर वाकायचा, डोळे मिटायचा. फक्त आता तो फार वेळ तसाच वाकून राहायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवसांत अश्विन आला. अश्विन म्हणजे उमरावच्या बहिणीचा मुलगा. नागपूरला इंजिनियर झाला आणि तिकडं ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला नोकरीला लागला होता. मामाच्या हातचं खायला तो खास येई. कोहमाऱ्याला बसमधून उतरला, तो बॅगेत मामासाठी एक पुडकं घेऊन. त्यात वाळलेली पानं होती, लांबट, फिकट हिरवी.

"मामाजी, तुमच्यासाठी आनलं," तो म्हणाला. "तिकडं याला लेमन मर्टल म्हनतात. तिथलंच झाड आहे, दुसरीकडचं नाही."

त्यानं एक पान हातावर चुरगाळलं आणि मामापुढं धरलं. धुरपताबाई दाराशी उभी होती, तिथंपर्यंत वास आला. लिंबाचाच, पण लिंबाहून तेज. गवती चहा, लिंबाची साल आणि काहीतरी निराळं, सगळं एकत्र केल्यासारखा. उमरावनं सवयीनं मान खाली घातली, डोळे मिटले. आणि मग तो हललाच नाही. अश्विनचा हात त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवला. बऱ्याच वेळानं वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. अश्विनला वाटलं, वास झोंबला. तो हसला.

धुरपताबाईला कळलं. इतक्या महिन्यांत नवऱ्याच्या नाकाला हे पहिलं काहीतरी लागलं होतं.

मग अश्विन बसून सांगत राहिला. तिथले मूळचे आदिवासी हे पान फार जुन्या काळापासून वापरत आले. डोकं दुखलं की पान चुरगाळून हुंगायचे, आणि मासा त्यात गुंडाळून निखाऱ्यात भाजायचे. उमराव म्हणाला, हे तर आपल्याकडच्यासारखंच झालं, आपले गोंड लोक पळसाच्या पानात भाजतात तसं. आता तिकडं शहरात लोक त्याचा चहा पितात, घसा धरला, खोकला झाला, झोप येत नसली की. बिस्किटात घालतात, आइस्क्रीममध्ये घालतात. आणि मामाजींना सगळ्यात आवडेल असं म्हणजे, अश्विन म्हणाला, वास लिंबाचा, पण आंबटपणा नाही. त्यामुळं दुधात टाकलं तरी दूध फाटत नाही.

उमरावनं मान वर केली. दुधात लिंबू, ही गोष्ट कुठल्याही आचाऱ्याला उलटी वाटणार.

"पन एक लक्षात ठेवा," अश्विननं बजावलं. "हे लय थोडं टाकायचं. आनि उकळायचं तं नाहीच. गंज उतरवला का टाका, झाकन ठेवा, थोड्या वेळानं पान काढून घ्या. जास्त झालं, नाही तं उकळलं, का साबन खाल्ल्यासारखं लागते. निलगिरीवानी."

हे धुरपताबाईनं ऐकलं. उमरावनंही ऐकलं.

त्या मंडईला उमरावनं तलावातल्या रोहूचे तुकडे मीठ-हळद लावून, मधे दोन-दोन पानं ठेवून, वरून पळसाची पानं बांधून निखाऱ्यात ठेवले. अश्विननं बाजूला बसून किती पानं ते सांगितलं. तो मासा ज्यांनी खाल्ला ते अजून त्याची आठवण काढतात. पाहुणे बोटं चाटत होते आणि उमराव बाजूला बसून एक वाळकं पान नाकाशी धरून होता.

अश्विन गेला. पानांचं पुडकं एका डब्यात राहिलं. डबा उमरावनं आपल्या खाटेशी ठेवला. सकाळी उठला की तो पानाचा चहा करायचा, आणि पिण्याआधी कप नाकाशी धरून बसायचा. गावात कुणाचा घसा बसला की दोन पानं द्यायचा. खोकला-पडशाला लोकांना बरं वाटायचं. गरम पाण्यानंही वाटलं असतं. पण "आस्ट्रेलियाचं पान" म्हणून त्याचं नाव झालं. पुढं अश्विननं ओळखीच्या माणसाबरोबर आणखी मोठं पुडकं पाठवलं.

धुरपताबाई त्याला कप धरून बसलेला बघायची आणि तिला वाटायचं, आता तरी हा सांगेल. नाहीतर आपण विचारावं. एकदा अश्विनचा फोन आलेला असताना ती अंगणात जाऊन त्याला सांगणारही होती की मामाचं नाक गेलंय बाबू, तिकडं यावर काही औषध असते का. मागून उमराव आला, आणि तिनं मंजूच्या सोयरिकीचा विषय काढला.

सोयरीक जुळलीच. मुलगा साकोलीकडचा, नाव ओमेश, तिरोड्याला नोकरीवर. शांत पोरगा. लग्न वैशाखात, सकाळचा मुहूर्त, दुपारी पंगत. सगळ्यांनी उमरावला सांगितलं की नवरीच्या बापानं चुलीपाशी राहायचं नसतं, त्यानं पाहुण्यांना नमस्कार करत हिंडायचं असतं. त्यानं मानलं. वरण, भाजी, बुंदी सगळं शालीकरामवर सोपवलं. फक्त खीर मी करणार, म्हणाला. इतक्या लोकांच्या पोरींच्या लग्नात केली, माझ्या पोरीच्या लग्नात दुसऱ्या कुणी काऊन करावी?

ती खीर कशी करायची हे त्यानं महिनाभर मनात घोळवलं होतं. घरचा चिन्नोर, गावातल्या गाई-म्हशींचं दूध, आणि त्यात ते पान. कुणी कधी न खाल्लेली खीर. मंजू म्हणाली होती, बाबा, साधीच करा ना. तो हसून म्हणाला, तू बस मेंदी लावून.

लग्नाच्या दिवशी उजाडलं तेव्हा उमराव मांडवामागं भट्टीवर होता. धुरपताबाई पूजेच्या ताटासाठी हळद-तांदूळ घ्यायला मागं आली, तर त्यानं हाक मारली. गंज मोठा, खीर रटरटत होती, आणि आत पानं फिरत होती. दोन-चार नव्हे, मुठीनं टाकलेली. तो लांब दांड्याचा सराटा खिरीत फिरवत होता आणि त्याच्या तोंडावर तिनं दोन वर्षांत न पाहिलेला उजेड होता. त्याला वास येत होता. म्हणून तो टाकत गेला होता. थोडं टाकलं तर त्याला काही कळत नव्हतं, आणखी टाकलं तर किंचित, मग आणखी. आणि उतरवल्यावर टाकायचं ते तो चुलीवर उकळत होता, कारण वाफेबरोबर वास जास्त येत होता. अश्विनचं बजावणं त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण त्याच्या नाकाला जेवढं लागलं, तेवढंच तर खिरीत आहे, असं त्याला वाटत होतं.

त्यानं सराट्यात थोडी खीर घेतली, फुंकली आणि तिच्यापुढं धरली.

"कशी झाली?"

त्या दोघांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हे त्यानं तिला पहिल्यांदा विचारलं.

तिनं जिभेवर ठेवली. आधी लिंबू, मग एकदम कडवट, घशात निलगिरीचं तेल उतरल्यासारखं, आणि मागं राहणारी साबणाची चव. तिला थुंकावंसं वाटलं. तिकडं भटजी हाका मारत होते. मंजूची मावसबहीण तिला शोधत आली होती. गंजात सगळ्या गावाचं दूध होतं. दुसरं आणायचं तर कुठून? आणि समोर तो उभा होता, तिच्या तोंडाकडं बघत, लहान मुलासारखा.

"चांगली झाली," ती म्हणाली.

तो हसला. "साखर जराशी वाढवतो मंग," म्हणाला, आणि ती हळद-तांदूळ घेऊन मांडवात गेली.

मांडवात बसल्यावर तिला कितीतरी गोष्टी सुचल्या. शालीकरामला सांगून पानं तरी काढून घेता आली असती. खीर अर्धी काढून, शेजारच्या गावातून थोडं दूध आणवून त्यात मिसळता आलं असतं. काहीच नाही तर खीर वाढूच नका, बुंदी आहे, असं सांगता आलं असतं. मंगलाष्टकं सुरू होती आणि ती सारखी मागं वळून बघत होती. उठणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एका कोपऱ्यात तिला असंही वाटत होतं, की कदाचित आपल्याच तोंडाला चव नसेल, रात्रभराचं जागरण आहे, लोक खातील.

पंगत बसली. खीर वाढायला उमराव स्वतः गेला. पहिल्या ओळीत नवरदेवाकडचे मोठे लोक. त्यांनी एक घास घेतला आणि एकमेकांकडं बघितलं. कुणी द्रोण कडेला सारला, कुणी पाण्याचा पेला उचलला. एका म्हाताऱ्यानं, ओमेशच्या चुलत्यानं, मनात काही न ठेवता मोठ्यानं विचारलं, "खिरीत कपड्याचा साबन पडला का जी?" पोरंसोरं हसली. मग मोठीही हसली. एक पोरगी रडायला लागली, तिच्या आईनं तिचं तोंड धुवायला नेलं. दुसऱ्या ओळीपर्यंत बातमी आधीच पोचली होती. तिथं लोकांनी द्रोण उपडे घालून ठेवले.

उमराव बादली घेऊन उभा राहिला. त्यानं एका उष्ट्या द्रोणातली खीर बोटानं उचलून तोंडात घातली. त्याला ती गोड लागली. गोड आणि लिंबाच्या वासाची. कुणी का टाकून देतंय हे त्याला कळेना, आणि कळेना हेच त्याला कळलं. बादली त्यानं खाली ठेवली.

भांडण काही झालं नाही. नवरदेवाकडची माणसं चांगली होती. बाकीचं जेवण पोटभर झालं, शालीकरामच्या भाजीची तारीफही झाली. मुलगी वाजतगाजत साकोलीकडं गेली. पण माणसांना विसरायला काय झालंय. पुढं मंजूच्या सासरी कुठंही खीर निघाली की कुणीतरी म्हणायचंच, सुनबाईला विचारा, साबण टाकायचा का. मंजू हसून न्यायची. आईला फोनवर एकदा म्हणाली की त्याचं काही नाही वाटत, पण बाबांना कळू देऊ नको.

बिदाई झाल्यावर मांडवात खुर्च्या उचलणं सुरू होतं. उमराव भट्टीपाशी विझलेल्या राखेसमोर बसला होता. गंज अर्ध्याहून जास्त भरलेला होता. धुरपताबाई जवळ गेली. त्यानं वर न बघता विचारलं,

"तू चाखली होती ना?"

"हो."

तो थांबला. ती पुढं काही बोलेल म्हणून थांबला असावा. मग त्यानं मान हलवली, शालीकरामला हाक मारली आणि दोघांनी मिळून गंज कोठ्यामागं नेला. तिनं तेवढ्यात सांगायला हवं होतं की तुमचं नाक गेलंय हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे, तुमच्या तोंडाकडं बघून माझी जीभ उचलली नाही. पण त्या क्षणी ते सगळं सबबीसारखं वाटलं. आणि तो क्षण गेला तो गेलाच.

तो रागावला नाही. एखादी बाई म्हणेल, नवरा रागावला नाही म्हणजे चांगलंच झालं की. पण धुरपताबाईला वाटे, त्यानं ताट भिरकावून दिलं असतं तर बरं. तो पहिल्यासारखाच राहिला. शेतात जायचा, तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसायचा, वाढलं ते जेवायचा. फक्त त्यानं तिला परत काही विचारलं नाही. ना जेवणाचं, ना शेतीचं, ना पोरीचं.

लग्नांचं बोलावणं आलं की तो शालीकरामकडं पाठवायचा. मोठे गंज, कढया, झारे, सगळं शालीकरामच्या घरी गेलं. पानांचा डबा मात्र खाटेपासून काढून त्यानं कोठीत ठेवून दिला. चहा बंद झाला.

लग्नाला येऊ न शकलेल्या अश्विनला मंजूकडून खिरीचं कळलं, मामाचं नाक गेलं असावं हे त्यानं ताडलं आणि धुरपताबाईला फोन केला. त्यानं सांगितलं की कोरोनात वास गेलेल्या लोकांना डॉक्टर रोज थोडा थोडा वास घ्यायची सवय करायला लावतात. लवंग, लिंबू, निलगिरी, असे चार-पाच वास सकाळ-संध्याकाळ; काहींचं नाक त्यानं हळूहळू परत येतं. मामाचं आलंच असतं असं नाही, पण करून बघता आलं असतं. "मामी, मले पयले सांगतलं असतं तं," एवढंच तो म्हणाला. तिला अंगणातला तो फोन आठवला, मागून उमराव आल्यावर बदललेला विषय आठवला.

तिनं त्यानंतर ते करायचा प्रयत्न केला. लवंग ठेचून त्याच्या उशाशी ठेवायची, लिंबाची साल त्याच्या ताटाशी. त्यानं लवंग उचलून डब्यात परत ठेवली.

असं दीड वर्ष गेलं. मागल्या दिवाळीनंतरची मंडई आली. गावात पाहुणे, मैदानात नाटकाचा मांडव, घरोघरी मटण. शालीकरामकडं सगळ्या पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक होता. दुपारी धुरपताबाई तिथं वाटीभर तेल मागायला गेली, तर शालीकराम तिला बघून उठला आणि आनंदानं सांगायला लागला. भाऊ सकाळी इकडून गेले वयनी, तो म्हणाला. मी रश्श्याला लसूण टाकला होता आणि माझं लक्ष लाकडांकडं. भाऊ रस्त्यावरून, तिकडं वडापाशी होते, तिथून म्हणाले, शालीक, लसूण जळून राहिला. मी बघतो तर खरंच कडा काळ्या व्हायला लागलेल्या. "नाक आलं भाऊचं. तुमाले तं माईतच असन."

ती हो म्हणाली. तेल घेतलं नाही, तशीच घरी आली.

तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या आत दुसरंच काहीतरी टोचत होतं. नाक काही एका दिवसात येत नाही. थोडं थोडं येतं. आज मोह, उद्या गाईचं शेण, परवा भात. म्हणजे कितीतरी दिवसांपासून येत असेल, आणि याच घरात, याच चुलीसमोर बसून तो जेवत असेल, आणि एका शब्दानं बोलला नसेल. त्याचं नाक गेलेलं आपल्याला कळलंय, हे तिनं त्याच्यापासून लपवलं होतं. त्यानं आलेलं नाक तिच्यापासून लपवलं.

उमराव शेतातून आला, पाय धुतले, ओसरीवर बसला. ती पाण्याचा पेला घेऊन त्याच्याजवळ गेली आणि या वेळी तिनं विचारलं.

"वास येऊन राहिला ना तुमाले?"

त्यानं पेला घेतला. "हो."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. थोडा थोडा."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवला. मग नेहमीच्याच आवाजात, जिरं जळलं सांगायचा त्याच आवाजात, म्हणाला, "सांगून काय होते? तू म्हनली असती, चांगलं झालं."

त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त वाईट. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या लेखी तिच्या जिभेवर आता चांगल्याशिवाय दुसरा शब्दच उरला नव्हता, आणि अशा माणसाला काही सांगून उपयोग काय?

तिनं विचारलं, आता लग्नं घेणार का परत. त्यानं नाही म्हटलं. शालीकरामचा हात बसलाय, त्याचं पोट त्यावर आहे, त्याच्या तोंडचं कशाला काढू. आणि नाक आलं तरी पूर्वीचं नाही, म्हणाला. कांदा येतो, लसूण येतो, चिन्नोर मात्र अजून लांबूनच येतो, कुणी दुसऱ्या गावात शिजवत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तिनं कोठीतून पानांचा डबा काढला. पानं तळाशी उरली होती, बराचसा चुरा झालेली, वासही निम्मा गेलेला. तिनं तलावातला मासा आणून रस्सा केला, गंज उतरवला, वरून दोन पानं टाकली, झाकण ठेवलं आणि थोड्या वेळानं काढून घेतली, अगदी अश्विननं सांगितलं होतं तसं. वाढताना ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. स्वतःच्या ताटात घेऊन तिनं आधी चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं. आनि मासा जास्त शिजला."

उमरावनं घास घेतला, जरा चघळला. "हो," म्हणाला. "जास्त शिजला."

एवढंच झालं. त्यानं मीठ मागून घेतलं आणि दोघं जेवली.

आता ती रोज तसं सांगते. भाजी तिखट झाली तर तिखट झाली म्हणते, कढी आंबट झाली तर आंबट. त्यानं विचारायची ती वाट बघत नाही, कारण तो विचारतच नाही. कधी ऐकून मान हलवतो, कधी नाही. मंजू यंदा दिवाळीला आली तेव्हा तिनं बाबांना खीर करा म्हटलं; तो म्हणाला, आई करेल. धुरपताबाईनं साधी केली. बरी झाली होती, तांदूळ थोडा कच्चा राहिला होता. तिनं तसं मंजूला सांगितलंही. जेवणं आटोपली तसा उमराव खांद्यावर दुपट्टा टाकून तलावाच्या पाळीकडं निघून गेला, आणि ती दारात उभी राहून तो वळणापलीकडं दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.